शनिवारची रात्र, विद्यापीठाचे भोजनगृह : ब्रिटनमधील विद्यार्थी कार्यक्रम समित्यांची ओळख

ब्रिटनमधील विद्यापीठांच्या विद्यार्थी संघांत कार्यक्रम ठरवणारी एक समिती असे. विद्यार्थी तिला ‘एन्ट्स’ म्हणत. तिच्या प्रमुखाला आधी सोशल सेक्रेटरी आणि पुढे एन्ट्स सेक्रेटरी असे नाव पडले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून साधारण वीस वर्षे या समित्यांनी तिथल्या रॉक संगीताला गावोगावी व्यासपीठ मिळवून दिले. द हू, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, रोलिंग स्टोन्स हे बँड या काळात विद्यापीठांच्या भोजनगृहांत आणि सभागृहांत वाजवून गेले. त्यांच्याशी करार करणारी मुले वीस-एकवीस वर्षांची होती आणि संगीताच्या धंद्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. राज्यशास्त्र, भौतिकी, औषधनिर्माण असे काहीबाही शिकत असताना ती निवडणुकीला उभी राहिली, वर्षभर कार्यक्रम केले आणि पायउतार झाली. एका वर्षाची ही मुदत नीट ध्यानात घेतली की या परंपरेतले बरेच काही उलगडते. समित्या इतक्या धाडसी का होत्या, त्यांचे हिशेब इतके ढिसाळ का असत आणि आज त्यांचा इतिहास असा तुकड्यातुकड्यांनी का जुळवावा लागतो, या तिन्ही गोष्टींचे मूळ तिथेच सापडते.

महाराष्ट्रातल्या कॉलेजचे गॅदरिंग डोळ्यांसमोर ठेवून या समित्यांकडे पाहिले तर गफलत होते. गॅदरिंग वर्षातून एकदा होते, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होते आणि त्यात मुख्यतः कॉलेजचीच मुले नाचतात, गातात, नाटक करतात. एन्ट्सचे काम जवळजवळ दर आठवड्याचे होते. बाहेरचा व्यावसायिक कलावंत ठरलेले मानधन देऊन बोलवायचा, तिकिटे विकायची आणि आलेल्या पैशांतून पुढचा कार्यक्रम ठरवायचा. प्राध्यापकांचा त्यात हात नसे. विद्यार्थी संघ ही विद्यापीठाच्या आवारात असली तरी बरीचशी स्वायत्त संस्था होती. तिची स्वतःची इमारत, स्वतःचे दारूचे बार आणि स्वतःचे अंदाजपत्रक असे.

पैसा कुठून येत होता, हे आधी समजून घ्यायला हवे. १९६२ च्या शिक्षण कायद्याने ब्रिटनमधल्या पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांची फी आणि राहण्या-जेवणाचे अनुदान देण्याची जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर टाकली. अनुदान आईवडिलांच्या उत्पन्नाप्रमाणे कमी-जास्त होई, पण फी भरायची वेळ सहसा विद्यार्थ्यावर येत नसे. विद्यार्थी संघाची वर्गणी याच फीबरोबर सरकारी खात्यातून संघाकडे जाई. पाठोपाठ १९६३ च्या ऑक्टोबरात रॉबिन्स समितीचा अहवाल आला. १९६२-६३ मध्ये ब्रिटनमधल्या उच्च शिक्षणात पूर्णवेळ विद्यार्थी सुमारे २ लाख १६ हजार होते. १९८०-८१ पर्यंत ही संख्या ५ लाख ६० हजारांवर न्यावी, अशी शिफारस समितीने केली. त्या वेळेपर्यंत ससेक्स, यॉर्क आणि ईस्ट अँग्लिया ही नवी विद्यापीठे उभी राहिलीच होती. एसेक्स, लँकेस्टर, केंट आणि वॉरिक त्यांच्या मागोमाग आली. यांतली बरीच शहराबाहेर, मोकळ्या माळावर वसवलेली होती. शनिवारी संध्याकाळी तिथल्या विद्यार्थ्याला जायला दुसरे ठिकाण नव्हते, खिशात अनुदानातले थोडे पैसे होते आणि संघाच्या तिजोरीत वर्गणी जमा होती.

समित्या तोवर नव्हत्या असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थी संघांत शनिवारचे नाच होत, त्यांना ‘हॉप’ म्हणत. गावातला एखादा वाद्यवृंद येई, मुले-मुली जोडीने नाचत, मध्यंतरात चहा होई. शिवाय जॅझ आणि लोकसंगीताची मंडळे वेगळी चालत. सोशल सेक्रेटरी हे पद मुळात या नाचांसाठी होते, आणि त्याला फारशी प्रतिष्ठाही नव्हती. संगीत बदलले तसे पद बदलले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉप कलावंतांचे दौरे सिनेमागृहांतून चालत. एकाच रात्री दोन खेळ, प्रत्येक खेळात सहा-सात नावे आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे, असा तो मामला होता. १९६६-६७ नंतर बँडना वीस मिनिटे पुरेनात. एकेक गाणे दहा-पंधरा मिनिटे रंगू लागले आणि श्रोता खाली बैठक मारून ऐकू लागला. सिनेमागृहाच्या मालकाला हे परवडणारे नव्हते आणि नृत्यगृहांना नाचता न येणारे संगीत नको होते. विद्यापीठाच्या संघाकडे मात्र मोठी खोली होती, ऐकणारा वर्ग होता आणि मध्यरात्रीपर्यंत वेळ होता. एम-१ महामार्ग १९६८ मध्ये लंडनपासून लीड्सपर्यंत पोहोचला. त्यामुळे शुक्रवारी एका विद्यापीठात आणि शनिवारी दुसऱ्यात वाजवून रातोरात व्हॅनने लंडनला परतणे बँडना जमू लागले. याच रस्त्यावरच्या वॉटफर्ड गॅपच्या उपाहारगृहात पहाटे दोन-तीन वाजता वेगवेगळे बँड एकमेकांना भेटत. अंडी आणि चिप्स खाताना तिथे होणारी चर्चा बहुधा कोणत्या विद्यापीठाने किती मानधन दिले याचीच असावी.

समितीचे काम सत्राच्या वेळापत्रकाला बांधलेले होते. ब्रिटिश विद्यापीठाचे वर्ष साधारण दहा-दहा आठवड्यांच्या तीन सत्रांचे. पहिले ऑक्टोबर ते डिसेंबर, दुसरे जानेवारी ते मार्च, आणि तिसरे परीक्षांचे. म्हणजे हाताशी खऱ्या अर्थाने वीसेक शनिवार येत. नवा सेक्रेटरी उन्हाळ्याच्या सुटीत लंडनच्या एजन्सींना फोन लावायला लागे, कारण नवागतांच्या पहिल्या आठवड्यातल्या मोठ्या कार्यक्रमावर त्याची वर्षभराची पत ठरत असे. एजन्सीचा माणूस पलीकडून अनुभवाचा फायदा घेई. एक चांगला बँड हवा असेल तर त्याबरोबर अजून दोन अनोळखी बँड घ्या, अशी गळ तो घाली. करारात आगाऊ रक्कम, वाजवण्याची वेळ आणि कपडे बदलायच्या खोलीत काय ठेवायचे याची कलमे असत. आणखी एक महत्त्वाचे कलम असे ते मनाईचे. त्याप्रमाणे ठरावीक दिवस आणि ठरावीक मैलांच्या परिसरात त्या बँडने दुसरीकडे वाजवायचे नसे. शेजारच्या शहरातल्या विद्यापीठाने आपला कार्यक्रम पळवू नये म्हणून हे कलम असे. अशा पळवापळवीच्या कथा प्रत्येक विद्यापीठात ऐकायला मिळतात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारचे जेवण आटोपले की भोजनगृहातली टेबले-खुर्च्या हलवायच्या, जुळणीचे तात्पुरते स्टेज उभे करायचे, दारावर पेटी घेऊन माणसे बसवायची. बँडची ध्वनियंत्रणा ट्रकमधून उतरवायला जाडजूड पोरे लागत. हे काम फुकट तिकीट आणि थोड्या बिअरच्या मोबदल्यात होई. दारावरची शिस्त अनेकदा रग्बी संघातल्या खेळाडूंकडे असे, आणि ही व्यवस्था नेहमी सुखाची ठरत नसे. दारूच्या परवान्यामुळे संघ कायद्याच्या दृष्टीने सभासदांचा क्लब होता. आत यायला विद्यार्थी ओळखपत्र लागे आणि बाहेरचा माणूस सभासदाचा पाहुणा म्हणून वहीत सही करूनच येई. रात्री बँड निघून गेला की हॉल झाडायचा, टेबले पुन्हा मांडायची, कारण सकाळी तिथेच न्याहारी असे. समित्यांमध्ये मुलगे जास्त आणि मुली कमी होत्या. मुलींकडे तिकीट, पोस्टर आणि हिशेब यांची कामे जात, करार करणारा फोन बहुधा मुलाच्या हातात असे.

खासगी संयोजक आणि विद्यार्थी समिती यांच्यातला फरक इथेच होता. संयोजकाने एका रात्रीत पैसे घालवले तर ते त्याच्या खिशातून जात. समितीचा तोटा संघाच्या अंदाजपत्रकात मुरे. बारमध्ये बिअर खपली की बरेचसे भरूनही निघे. नफा काढायचा नसल्यामुळे तिकीट स्वस्त ठेवता येई, आणि पुन्हा निवडून यायचे नसल्यामुळे सेक्रेटरीला चार लोकांना न कळणारा बँड बोलवायची भीती नसे. पुढे प्रसिद्ध झालेले कितीतरी बँड आपल्या पहिल्या एक-दोन वर्षांत मुख्यतः विद्यापीठांच्या मानधनावर तगले. उलट बाजूही होती. आदल्या वर्षीच्या सेक्रेटरीने कोणत्या एजन्सीशी कसे बोलावे, कोणत्या बँडने ऐनवेळी दगा दिला, वीजजोडणी किती भार सोसते हे सगळे शिकून घेतलेले असे, आणि जून महिन्यात ते सारे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाई. संघाच्या सर्वसाधारण सभेत एन्ट्सच्या तोट्यावरून खडाजंगी होत असे. वर्गणी सर्वांची आणि मौज रॉक ऐकणाऱ्यांची, हा आक्षेप खोटाही नव्हता.

या सगळ्या परंपरेत लीड्स विद्यापीठाचे नाव पुढे आले ते एका ध्वनिमुद्रिकेमुळे. द हू या बँडची ‘टॉमी’ ही दीर्घ संगीतरचना १९६९ मध्ये गाजली आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा मोठा दौरा केला. दौऱ्यातल्या प्रत्यक्ष कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे होते, पण तासन्‌तासांच्या फिती ऐकत बसण्याचा बँडच्या पीट टाउनशेंडला कंटाळा आला. त्याने त्या जाळून टाकायला सांगितले आणि त्याऐवजी इंग्लंडमधल्या दोन कार्यक्रमांचे नव्याने मुद्रण ठरले. १४ फेब्रुवारी १९७० चा शनिवार लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहासाठी, आणि दुसरा दिवस हल शहराच्या सिटी हॉलसाठी. हलच्या मुद्रणात पहिल्या काही गाण्यांत बास गिटारचा आवाज उमटलाच नव्हता, म्हणून लीड्सचे मुद्रण निवडले गेले. ‘लाइव्ह ॲट लीड्स’ त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आली.

त्या रात्री भोजनगृहात सुमारे दोन हजार विद्यार्थी दाटीवाटीने उभे होते. बँडने ‘टॉमी’चा बहुतेक भाग वाजवला, पण मूळ मुद्रिकेत गाणी घेतली फक्त सहा. उरलेला कार्यक्रम १९९५ आणि २००१ च्या वाढीव आवृत्त्यांतून हळूहळू बाहेर आला. मुद्रिकेचे वेष्टन त्या काळी चोरून विकल्या जाणाऱ्या बेकायदा मुद्रिकांसारखे मुद्दाम साधे ठेवले होते. तपकिरी पुठ्ठा, त्यावर शिक्क्यासारखी अक्षरे आणि आत जुन्या करारपत्रांच्या व पत्रांच्या नकला. मुद्रणात खरखर शिरली होती ती काढली नाहीच, उलट ती दुरुस्त करू नये असे लेबलवरच लिहून टाकले. त्या भोजनगृहाला शोभेल असाच हा बाणा होता. रॉक संगीताच्या प्रत्यक्ष मुद्रणांत ही मुद्रिका आजही सर्वश्रेष्ठांमध्ये धरली जाते. मात्र ती ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की त्या रात्रीचा करार विद्यार्थ्यांच्या समितीने केला होता आणि हॉल त्याच दुपारी जेवणासाठी वापरात होता.

लीड्सची ती एक सुटी रात्र नव्हती. १९७१ च्या मार्चमध्ये लेड झेपलिनने मोठी सभागृहे टाळून मुद्दाम छोट्या ठिकाणांचा दौरा काढला. त्यात लीड्स, केंट, साउथहॅम्पटन, मँचेस्टर ही विद्यापीठे होती. त्याच महिन्याच्या १३ तारखेला रोलिंग स्टोन्स लीड्सच्या त्याच भोजनगृहात वाजवून गेले. बीबीसीने तो कार्यक्रम मुद्रित केला आणि २०१५ मध्ये त्यांच्या ‘स्टिकी फिंगर्स’ या मुद्रिकेच्या विस्तारित आवृत्तीत तो अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या बँडनी एकाच महिन्यात एकाच विद्यापीठात वाजवावे, याचे श्रेय लीड्सच्या त्या वर्षांतल्या समित्यांनी कमावलेल्या विश्वासाला जाते. कार्यक्रम वेळेवर होतो, यंत्रणा चालते, पैसे बुडत नाहीत, ही बातमी बँडच्या व्यवस्थापकांत पसरली होती. वायव्येला लँकेस्टर विद्यापीठाच्या ग्रेट हॉलनेही १९७० च्या दशकात असाच लौकिक मिळवला. लहानशा गावाजवळच्या त्या नव्या विद्यापीठात मोठी नावे नियमित येत राहिली.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे श्रोता आणि कलावंत यांच्यातली भिंतच पातळ होती. जिमी हेन्ड्रिक्सची पहिली दीर्घ मुद्रिका १२ मे १९६७ रोजी ब्रिटनमध्ये निघाली आणि दुसऱ्याच रात्री तो इंपीरियलच्या विद्यार्थ्यांपुढे वाजवत होता. त्याच्याआधी वाजवणाऱ्या ‘१९८४’ या हौशी बँडचा गिटारवादक भौतिकी शिकणारा ब्रायन मे होता. पुढे मे याने कॉलेजच्या सूचनाफलकावर ड्रम वाजवणारा हवा अशी चिठ्ठी लावली, तिला उत्तर दिले रॉजर टेलरने आणि ‘स्माइल’ नावाचा बँड तयार झाला. ऑक्टोबर १९६८ मध्ये इंपीरियलमध्येच स्माइलने पिंक फ्लॉइडच्या आधी वाजवले. स्माइल मोडल्यावर त्या दोघांना येऊन मिळालेला गायक म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा. शाळकरी वयात तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहत होता आणि तिथल्या ‘हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवत होता. त्यांच्या नव्या बँडचे नाव क्वीन, आणि क्वीनच्या लंडनमधल्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी एक १८ जुलै १९७० रोजी इंपीरियलमध्ये झाला. मे याने अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीतली पीएच.डी. २००७ मध्ये त्याच कॉलेजातून पुरी केली.

विद्यापीठांवर कलावंतांचा केवढा भरवसा बसला होता ते १९७२ च्या फेब्रुवारीत दिसले. बीटल्स फुटल्यानंतर पॉल मॅकार्टनीने ‘विंग्ज’ हा नवा बँड काढला होता आणि वृत्तपत्रांच्या नजरेखाली पहिला कार्यक्रम करायची त्याची इच्छा नव्हती. बायको-मुले, कुत्री आणि वाद्ये गाडीत घालून तो उत्तरेच्या रस्त्याला लागला. नॉटिंगहॅम विद्यापीठात त्याच्या माणसाने संघात जाऊन उद्या वाजवले तर चालेल का, असे विचारले. ९ फेब्रुवारीला दुपारच्या जेवणाच्या सुटीत कार्यक्रम झाला. ना करार, ना जाहिरात, तिकीट काही पेन्सांचे. दारावर जमलेली नाणी बँडने आपसात वाटून घेतली. पुढचे दोन आठवडे हाच प्रकार दुसऱ्या विद्यापीठांत चालला. आयत्या वेळी हॉल, वीज आणि श्रोते जमवून देणारी यंत्रणा देशभर तयार होती म्हणूनच हे शक्य झाले. कुठल्याही नाट्यगृहाने एका दिवसाच्या बोलीवर असे दार उघडले नसते.

या समित्यांतून निघालेली माणसे पुढे ब्रिटिश संगीतधंद्याच्या वरच्या जागांवर जाऊन बसली. मँचेस्टरला कार्यक्रम ठरवणारा ख्रिस राइट आणि न्यूकॅसलचा टेरी एलिस यांनी १९६७ मध्ये भागीदारीत एजन्सी काढली, तिचीच पुढे ‘क्रिसॅलिस’ ही मुद्रिका कंपनी झाली. ब्राइटनच्या तंत्रज्ञान महाविद्यालयात औषधनिर्माण शिकणाऱ्या हार्वे गोल्डस्मिथने १९६६ मध्ये तिथे ‘क्लब ६६’ सुरू केला. १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या संगीत कार्यक्रमाच्या उभारणीत त्याचा वाटा मोठा होता. हलचा सोशल सेक्रेटरी एड बिकनेल पुढे ‘डायर स्ट्रेट्स’चा व्यवस्थापक झाला. लीड्समध्ये राज्यशास्त्र शिकत १९८० च्या सुमारास एन्ट्स सांभाळणारा अँडी कर्शॉ बीबीसीचा निवेदक झाला आणि आफ्रिकेतले संगीत ब्रिटिश श्रोत्यांपर्यंत नेण्यात त्याचा हातभार लागला. व्यवस्थापनाचे कसलेही शिक्षण नसताना वर्षभर दुसऱ्याच्या पैशांवर धोका पत्करायची मिळालेली संधी ही यांची खरी शाळा होती. पदवीचे निकाल मात्र सगळ्यांचेच चांगले लागले असे नाही.

१९७५ नंतर पंक आले आणि या व्यवस्थेतल्या भेगा दिसू लागल्या. सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत झाला. बँडमधला ग्लेन मॅटलॉक तिथलाच विद्यार्थी होता. कार्यक्रम थोड्याच वेळात बंद पाडण्यात आला. वर्षभराने, १ डिसेंबर १९७६ रोजी, दूरदर्शनवरच्या मुलाखतीत बँडने शिव्या दिल्या आणि देशभर गहजब झाला. त्यांचा दौरा ३ डिसेंबरला ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून सुरू व्हायचा होता. कुलगुरूंनी तो रद्द केला आणि विद्यार्थ्यांनी निषेधाचे धरणे धरले. दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम असेच रद्द झाले, ६ डिसेंबरचा लीड्स पॉलिटेक्निकमधला मात्र पार पडला. स्वायत्त समितीवरचा विद्यापीठाचा हात एरवी दिसत नसे, तो अशा प्रसंगी दिसला. लीड्समध्ये त्या हिवाळ्यानंतर विद्यार्थ्यांनी स्वतःच वाद्ये हाती घेतली. गँग ऑफ फोर आणि मीकॉन्स हे बँड विद्यापीठाच्या कला विभागातल्या मुलांनी काढले, सॉफ्ट सेल आणि स्क्रिटी पॉलिटी पॉलिटेक्निकमधून आले.

दुसरी भेग गाव आणि विद्यापीठ यांच्यातली. विद्यार्थ्याला स्वस्तात मिळणारा कार्यक्रम शेजारच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्याच्याच वयाच्या पोराला पाहता येत नसे, कारण दारावर ओळखपत्र मागत. बीबीसीने १९७८ ते १९८१ या काळात ‘रॉक गोज टू कॉलेज’ ही मालिका केली. विद्यापीठे, पॉलिटेक्निक आणि महाविद्यालयांतले कार्यक्रम त्यात दाखवले जात. एसेक्सला एसी/डीसी आणि हॅटफील्ड पॉलिटेक्निकला द पोलीस यांचे कार्यक्रम त्यातलेच. १९७८ मध्ये गिल्डफर्डच्या सरे विद्यापीठात द स्ट्रँग्लर्स यांचे मुद्रण होते. बँड मूळचा त्याच गावचा, आणि काही तिकिटे गावकऱ्यांना मिळावीत अशी त्यांची अट होती. तिकिटे विद्यार्थ्यांनाच गेल्याचे कळल्यावर ते काही गाणी वाजवून कॅमेऱ्यांसमोरून तडक निघून गेले. बँडच्या उद्धटपणाची बातमी झाली. खरे तर दारावरच्या वहीत सही करण्याचा तो जुना नियमच त्या रात्री सर्वांच्या डोळ्यांपुढे आला होता.

एन्ट्सचे काम रॉकपुरते नव्हते, हेही नोंदवायला हवे. वार्षिक नृत्यसमारंभ, धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणारा ‘रॅग’ सप्ताह, विनोदी कलावंतांचे खेळ, लोकसंगीताच्या बैठका हे सर्व कमी-अधिक प्रमाणात त्याच समितीकडे किंवा तिच्या शेजारच्या समित्यांकडे असे. या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत म्हणून ते विस्मरणात गेले. त्या काळच्या सामान्य विद्यार्थ्याने मात्र द हूपेक्षा हेच कार्यक्रम जास्त पाहिले असणार.

१९८० च्या दशकात हा काळ ओसरत गेला आणि त्याला एकच कारण नव्हते. यशस्वी बँडची यंत्रणा इतकी वाढली की भोजनगृहाचे छत, दार आणि वीजजोडणी तिला अपुरी पडू लागली. मानधन समितीच्या आवाक्याबाहेर गेले, आणि पूर्वी विद्यार्थी असलेले संयोजक आता शहरातल्या मोठ्या सभागृहांत तेच बँड आणू लागले. संघाचा पैसाही आटला. आधी संघाची वर्गणी थेट सरकारी खात्यातून येणे बंद होऊन निधी विद्यापीठाच्या मार्फत येऊ लागला. १९९० मध्ये अनुदान गोठवून कर्जाची पद्धत आली. १९९४ च्या शिक्षण कायद्याने संघांच्या कारभारावर नियम घातले आणि १९९८ मध्ये वर्षाला एक हजार पौंड फी सुरू झाली. कर्ज काढून शिकणारा विद्यार्थी शनिवारी रात्री दुकानात किंवा बारमध्ये नोकरी करू लागला. डीजे बोलवणे बँडपेक्षा फार स्वस्त पडे आणि त्याला ट्रकभर यंत्रणाही लागत नसे. एक वर्षाच्या मुदतीचा विद्यार्थी इतका गुंतागुंतीचा व्यवहार सांभाळू शकणार नाही, असे संघांनाही वाटू लागले आणि पगारी व्यवस्थापक नेमले गेले. पद राहिले, निवडणूकही राहिली, पण कोणाला बोलवायचे हा निर्णय हळूहळू समितीच्या हातून गेला.

लीड्सच्या रिफेक्टरीत कार्यक्रम मधली काही वर्षे फारसे होत नव्हते. १७ जून २००६ रोजी द हू तिथे पुन्हा वाजवायला आले आणि १९७० च्या कार्यक्रमाच्या स्मरणार्थ इमारतीवर निळी पाटी लागली. त्यानंतर तिथे संगीताचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले.

या परंपरेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने साधनांविषयी सावध राहावे लागते. दर वर्षी समिती बदलत असल्याने कागद सांभाळायचे काम कोणाचेच नव्हते. करारपत्रे आणि हिशेबाच्या वह्या इमारतींच्या डागडुजीत गेल्या. उरली आहेत ती विद्यार्थ्यांची साप्ताहिके, भिंतीवरून काढून घरी नेलेली पोस्टरे, तिकिटांचे तुकडे आणि बँडच्या बाजूने ठेवलेल्या दौऱ्यांच्या नोंदी. यांत साप्ताहिके सर्वांत भरवशाची, पण त्यातली जाहिरात म्हणजे झालेला कार्यक्रम नव्हे. रद्द झालेल्या कार्यक्रमांची जाहिरात तशीच छापलेली सापडते आणि पुढच्या अंकातला खुलासा कोणी वाचत नाही. आठवणींचा कल नेहमी मोठ्या नावाकडे असतो. लीड्सच्या त्या रात्री आपण होतो असे सांगणारे सगळे खरोखर तिथे असते, तर हॉल पाचपट मोठा लागला असता. तारखा तपासायला सत्राचे वेळापत्रक फार उपयोगी पडते. उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहे रिकामी असत, म्हणून जुलै-ऑगस्टमधला विद्यापीठातला कार्यक्रम कोणी सांगितला तर तो दुसऱ्या पुराव्याशिवाय स्वीकारू नये. असे कार्यक्रम झालेच नाहीत असेही नाही. क्वीनचा इंपीरियलमधला जुलैचा कार्यक्रम सुटीतलाच होता.